दोन पट्ट्या वर

टोलिव्हर, मिसिसिपी
३० ऑगस्ट १९७१

सुश्री लुव्हिनिया टिल्मन, शिकागो, यांस —

आपले पत्र न्यू केनन बॅप्टिस्ट मंडळीला पोचले. आपण शिकागोतल्या एका मंडळीत सामील होऊ इच्छिता, आणि आपण आमच्या सभासद असून आपली चालचलणूक चांगली आहे असा दाखला तिथल्या पाळकांना हवा आहे, असे आपण लिहिता. असा दाखला सभेने हात वर केल्याशिवाय देता येत नाही. शिवाय गेल्या दोन वर्षांच्या हजेरीला आपले नाव पुकारले असता उत्तर आले नाही. तिसऱ्या वर्षीही उत्तर न आल्यास नाव वहीतून काढले जाते, आणि वहीत नाव नसलेल्याला दाखला मिळत नाही. यंदाचा हजेरीचा रविवार २४ ऑक्टोबरला आहे.

आपली,
आर्झेला टिल्मन, चिटणीस

इथवर चिटणिसाने लिहिलं. यापुढे मी लिहितेय.

लुव्ही, तुला लाज कशी वाटली नाही? दोन वर्षांत तुझं पहिलं पत्र, आणि तेही माझ्या नावाने नाही, मंडळीच्या नावाने! मंडळीची टपालपेटी माझ्याच दारात आहे हे तुला ठाऊक नाही का? पाकीट मीच उघडणार, वही माझ्याच कपाटात. वर सही कशी, तर "आपली विश्वासू." चौदा वर्षांपूर्वी तू माझ्या शेजारून उठून गेलीस. विश्वासू हा शब्द तुला कुणी शिकवला?

तुझं नाव अकरा वर्षं वहीत राहिलं ते आईमुळे. दर हजेरीला मी पुकारायचे, "लुव्हिनिया टिल्मन," आणि आई खिडकीजवळच्या बाकावरून काठी टेकत उठायची. आजारी किंवा परगावी असलेल्यासाठी घरचं माणूस उत्तर देऊ शकतं, तेवढी सवलत आहे. "ती वाटेवर आहे," आई म्हणायची. लोक गालात हसायचे. मी मान खाली घालून वहीत "हजर" लिहायचे. आई गेली आणि ते उत्तरही गेलं. आता त्या बाकावर कुणी नाही.

मी उत्तर देणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, उगीच आशेवर राहू नकोस.

आर्झेला


२० सप्टेंबर १९७१

लुव्ही,

"झेला, एवढी चिडू नकोस, मला त्या दाखल्याची फार गरज आहे." गरज कशाची, ते मात्र लिहिलं नाहीस. तुझ्या शिकागोत गल्लोगल्ली चर्चेस आहेत. कुठल्याही बाकावर जाऊन बस, कोण उठवणार आहे तुला? उलट पुढच्या रांगेत नेऊन बसवतील आणि सह्या मागतील. आणि हवाच असेल दाखला, तर २४ तारखेला आगगाडीत बसून ये, सगळ्यांसमोर उभी राहा, "हजर" म्हण. पाय मोडलेत का तुझे?

पण तू यायची नाहीस. कारण उभी राहिलीस तर मंडळीचा कारभार बघणारा डीकन स्पाइव्ही तुला त्या गाण्याबद्दल विचारणार, आणि तू काय सांगणार? "दार लावू नकोस, प्रभू" हे आईचं गाणं होतं. आपल्यात प्रत्येक म्हातारीचं एक गाणं असतं, आणि ती जिवंत असेतो दुसरं कुणी ते उचलत नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. आई जिवंत होती, लुव्ही. ती चुलीपाशी पालेभाजी निवडत बसली होती आणि रेडिओवर तुझ्या आवाजात तिचंच गाणं लागलं, शब्द बदलून, "दार लावू नकोस, राजा." राजा! मागे ट्रम्पेट, मागे तीन पोरी उं-उं करतायत. आईने हातातली जुडी खाली ठेवली, शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हटलं, बंद करू का? तर म्हणाली, "राहू दे. श्वास नीट घेतेय पोर." एवढंच. मी सहा महिने तो रेडिओ कपड्यात गुंडाळून ठेवला.

पण माझा धंदा केस करण्याचा. बायका खुर्चीत बसतात, मी कुरळे केस सरळ करायला कंगवा शेगडीवर तापवते, आणि त्यांना करमणूक लागते. परवा मंडळीतली म्हातारी मदर पेटीग्रू बसली होती, अर्धं डोकं सरळ, अर्धं उभं. म्हणाली, "अगं आर्झेला, मोठा कर की रेडिओ, तुझीच बहीण रडतेय!"

म्हटलं, "रडू दे. ती आठवड्यातून चार वेळा रडते. हलू नकोस, कान भाजेल."

"पण काय रडते गं! वर जाऊन तिचा आवाज फाटतो ना, तिथे मी हातातलं काम टाकून ऐकत बसते. तिला कुणी शिकवलं ते?"

"कुणी नाही."

"मासिकात तर छापून आलंय. ती म्हणते, माझ्या मोठ्या बहिणीने शिकवलं."

माझ्या हातून कंगवा निसटला. तिच्या मानेवर चट्टा उठलाय, त्यावर लोणी चोळून पाठवली. मासिकही तिच्याकडून मागून वाचलं. खरंच तसं छापलंय. हे कशासाठी बोललीस तू? मला टोमणा मारायला? चारचौघांत मी त्यावर काय बोलावं अशी अपेक्षा होती तुझी?

आणि मासिकवाल्यांना हेही सांगायचं होतंस, की आईच्या अंत्यविधीला तू काळा चष्मा लावून शेवटच्या बाकावर बसलीस, सगळ्यांनी "लुव्ही, गा" म्हटलं तरी गायली नाहीस, आणि मागच्या हॉलमध्ये पानं मांडली जाताना गाडीत बसून निघून गेलीस. तळलेली कोंबडी, तीन प्रकारचे केक, बायकांनी पहाटेपासून रांधलं होतं. तुझ्यासाठी झाकून ठेवलेलं ताट मी संध्याकाळी कुत्र्याला घातलं.

आर्झेला


४ ऑक्टोबर १९७१

लुव्ही,

काल आयोलाचा फोन आला. आपली चुलतबहीण असून तुझी सांगकामी झाली, तरी एका बाबतीत बरी, पोटात काही ठेवत नाही. रडत रडत बोलत होती, मला निम्मं कळलंच नाही. मी ओरडले तेव्हा नीट बोलली. घशात गाठ आहे. बोलणं कुजबुजीवर आलंय. चार नोव्हेंबरला ऑपरेशन, आणि डॉक्टर म्हणतात गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल. त्यातूनही वाचशील की नाही याची ते हमी देत नाहीत. आणि तोवर डॉक्टर तुला प्रवास करू देत नाहीत, म्हणजे हजेरीला येणंही शक्य नाही.

म्हणून दाखला. टेबलावर झोपण्याआधी तुला कुठल्यातरी मंडळीची व्हायचंय. काही झालं तर कुणीतरी तुला आपलं म्हणून पुरावं म्हणून.

हे तू मला का लिहिलं नाहीस? मी काय दगड आहे? मी तुला आगगाडीत बसून ये म्हटलं, पाय मोडलेत का विचारलं, आणि तू ते वाचून गप्प राहिलीस. तुला नेहमी असंच करायचं असतं. मी ओरडायचं, तू सोसायचं, आणि मग सगळ्यांनी म्हणायचं, बिचारी लुव्ही, आणि ती आर्झेला बघा केवढी कजाग! लहानपणीही तसंच. बरणी तू फोडायचीस, आणि मार मला बसत असताना तू अशी रडायचीस की आई मला सोडून तुला जवळ घ्यायची.

सिगारेटी ओढत होतीस ना? आयोला म्हणते, दिवसाला दोन पाकिटं. मग भोग.

नाही. हे खोडायचं होतं, पण शाईने लिहिलंय आणि दुसरा कागद घेतला तर मी पत्र टाकणारच नाही. राहू दे.

मी डीकन स्पाइव्हीकडे गेले होते. आजारी माणसाला हजेरीतून सूट मिळेल का विचारायला. तो पडवीत बसून मक्याची कणसं सोलत होता. म्हणाला, "सूट कसली? घरचं कुणी उठून उत्तर देईल तर नाव राहील. नियम साधा आहे. तू आहेस की."

मी म्हटलं, "मी चिटणीस आहे, मी पुकारते."

"पुकारणारीला तोंड एकच असतं असं कुठे लिहिलंय का?" वर म्हणाला, "पण उत्तर दिलंस तरी दाखल्याला माझा हात वर होणार नाही. जिने प्रभूच्या जागी राजाला बसवलं, तिची चालचलणूक चांगली असं मी लिहून द्यायचं? तू तरी देशील का?"

मी घरी आले. तुझ्यावर राग आहे तो आहेच. पण त्याने जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही, आणि ते तुझ्यामुळे नाही. पुढचं मला आज लिहवत नाही.

आर्झेला


१२ ऑक्टोबर १९७१

लुव्ही,

आज मंगळवारची गिऱ्हाइकं मी परत पाठवली. सरळ लिहिते, मध्ये थांबले तर होणार नाही.

मेम्फिस. सत्तावन्न सालचा मे महिना. आपल्या टिल्मन भगिनींचा कार्यक्रम, दोन बसगाड्या भरून आपलं गाव आलेलं. तू एकोणीस वर्षांची, मी चोवीस, आणि तिसरी आपली आयोला. तिसऱ्या रांगेत रेकॉर्ड कंपनीचा तो करड्या सुटातला माणूस. पियानो आपण कधी घेतला नाही. सूर मी द्यायचे. ओठ मिटून, हळूच, तुझ्या पाठीवर बोट टेकवून, आणि तू तिथून गाणं उचलायचीस. तुला सुरुवात स्वतःहून कधीच सापडली नाही. देवाने तुला एवढा आवाज दिला आणि त्याचं दार उघडायची किल्ली मात्र माझ्याकडे ठेवली. मला त्याचा केवढा गर्व होता, ते तुला माहीत नाही.

कार्यक्रमाआधी मी कपडे बदलायच्या खोलीबाहेर उभी होते. तो माणूस तुला म्हणाला, "मला तू एकटीच हवीस. त्या दोघी नकोत." मी वाट बघत राहिले, तू काय म्हणतेस. तू म्हणालीस, "ठीक आहे." विचार करायलाही वेळ घेतला नाहीस.

मग आपण मंडळीसमोर उभ्या राहिलो आणि मी तुला दोन पट्ट्या वर सूर दिला.

चुकून नाही. लोकांना मी पुढे कित्येक वर्षं सांगितलं, त्या दिवशी माझा कान बधिर झाला होता, सर्दी होती. मला सर्दी नव्हती. मला माहीत होतं की तिसऱ्या ओळीला गाणं वर चढतं, तिथे तुझा गळा पुरणार नाही, तू फुटशील, आणि तो सुटातला माणूस टोपी उचलून घरी जाईल. एकदा उचललेलं गाणं मध्येच खाली आणता येत नाही, तेवढी लाज आपल्याकडे आहे. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. मी समोर बघत राहिले.

तिसरी ओळ आली आणि तुझा आवाज फाटला. मी मनात म्हटलं, झालं. आणि मग त्या फाटलेल्या जागेतून ते काहीतरी बाहेर आलं. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. बायका अंगात आल्यासारख्या बाकावरून कोसळल्या, पांढऱ्या कपड्यातल्या सेविका पंखे घेऊन धावत सुटल्या, आपली आई दोन्ही हात वर करून उभी. तो सुटातला माणूस रडत होता. मी तुला पाडायला खड्डा खणला आणि तू त्यात उतरून पाणी काढलंस.

तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डमध्ये तू तो आवाज फाडतेस. लोकांना तेच हवं असतं. चौदा वर्षं, रोज रात्री, कुठल्या कुठल्या गावात. आणि आता तिथेच गाठ. डॉक्टर काही म्हणोत, सिगारेटी असोत नसोत, मला रोज कंगवा तापवताना वाटतं की ती गाठ मी लावली.

आणि आईच्या अंत्यविधीला तू गायली नाहीस, हे मी गावभर सांगत फिरले. खरं असं, की सगळ्यांनी "गा" म्हटल्यावर तू चष्मा काढलास आणि माझ्याकडे बघितलंस. सुरासाठी. मी हातातला पुठ्ठ्याचा पंखा उघडून त्यावरचं चित्र बघत बसले. तू चष्मा परत लावलास. जेवून गेली नाहीस म्हणून तुला शिव्या देते, पण तू जेवणार कशी होतीस?

मासिकात तू माझं नाव घेतलंस तेव्हा मला वाटलं, हिला कळलंय आणि ही मला जगासमोर बोचकारतेय. आता विचारते. तुला कळलं होतं का?

आर्झेला


२५ ऑक्टोबर १९७१

लुव्ही,

तुझं कार्ड शनिवारी आलं. सगळ्या कार्डावर एवढंच: "तेव्हाच कळलं होतं. पहिल्याच सुराला. मी थांबून म्हणू शकले असते, झेला, खाली घे. म्हटलं नाही. तुला दाखवायचं होतं मला."

म्हणजे तूही! चौदा वर्षं मी मनात कुढत बसले, आणि तू तिथे नाक वर करून उभी राहिलीस, गळा फाटला तरी चालेल, पण ह्या बयेपुढे वाकायचं नाही म्हणून! मी ते कार्ड वाचून इतकी संतापले की टेबलावरची बशी फोडली. आणि मग हसले. आईच्या पोटच्या दोघी, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा.

बरं. काल काय झालं ते ऐक.

रेव्हरंड ग्रँडिसननी वही उघडायला सांगितली. मी पुकारत गेले. लोक उठत, एक वचन म्हणत, बसत. "ट" आलं. "आर्झेला टिल्मन," मी म्हटलं, आणि मीच "हजर" म्हटलं, दर वर्षी लोक इथे हसतात, कालही हसले. मग "लुव्हिनिया टिल्मन."

खिडकीजवळच्या त्या बाकाकडे सगळे बघतायत. मी चष्मा काढला, वही मिटली, टेबलामागून बाहेर आले. चालत जाऊन आईच्या बाकापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "ती वाटेवर आहे."

डीकन स्पाइव्ही उठलाच. "उत्तर झालं, नाव राहिलं. पण दाखला मागितला असेल तर त्या गाण्याचं काय?"

म्हटलं, "डीकन, त्याआधी मंडळीने माझी कबुली ऐकावी." आणि मेम्फिसची सगळी गोष्ट सांगितली. करड्या सुटापासून पुठ्ठ्याच्या पंख्यापर्यंत. आईच्या बाकाची पाठ धरून बोलले. "तिच्या चालचलणुकीचा दाखला मी लिहायचा असेल," मी म्हटलं, "तर माझा कोण लिहिणार ते आधी ठरवा. आणि गाण्याचं म्हणाल, तर जिचं गाणं होतं तिने ते रेडिओवर शेवटपर्यंत ऐकलं होतं आणि म्हणाली होती, पोर श्वास नीट घेतेय. आईला चाललं, मग आपण कोण?"

मदर पेटीग्रू मानेवरच्या चट्ट्याला हात लावत म्हणाली, "दोन पट्ट्या? तरीच! मी मागच्या बाकावरून साथ द्यायला गेले होते, माझा दम निघाला होता. मला वाटलं, म्हातारी झाले." सगळं चर्च हसायला लागलं. हसता हसता ती रडायला लागली आणि तिने हात वर केला. मग बाकीच्यांनी. स्पाइव्हीचा सगळ्यात शेवटी, अर्धाच, कोपरापासून. मी तो पूर्ण मोजला.

मग त्यांनी माझ्यासाठीही हात वर केले. त्याबद्दल मला लिहिता येणार नाही.

दाखला लिहून झालाय. पोस्टाने पाठवत नाही. तू पाकिटं कुठे टाकतेस देव जाणे. शनिवारी बसने निघतेय, रविवारी सकाळी पोचेन. आयोलाला म्हणावं, बस स्टेशनवर वेळेवर ये आणि रडत येऊ नकोस. तुझ्या त्या पाळकाच्या हातात कागद मी स्वतः देईन, आणि त्याने तुझं नाव त्याच्या वहीत लिहिलेलं डोळ्यांनी बघेन. सिगारेटी घरात दिसल्या तर खिडकीतून फेकीन. राग गेलाय असं समजू नकोस. तुझ्याशी भांडायला मला अजून बरीच वर्षं लागणार आहेत, आणि तू पुढे पाटीवर लिहून भांडलीस तरी माझं काही अडणार नाही. मेलीस तर मात्र बघ.

डॉक्टरांनी गायचं नाही म्हणून सांगितलंय, मला माहीत आहे. गाऊ नकोस. गुरुवारच्या आधी एकदा माझ्याकडे पाठ करून बस, मी बोट टेकवेन, आणि तू नुसतं ओठ मिटून आईचं गाणं उचल. सूर मी देते. खाली देईन, लुव्ही. तू म्हणशील तितका खाली.

झेला